वडील जेलमध्ये असताना त्यांच्या औषधपाण्यासाठी काय काय करावं लागलं

ज्यांच्या घरातलं साठी-सत्तरीचं माणूस आत्ता जेलमध्ये आहे, शिक्षा झालेली नाही, केस चालू आहे म्हणून आत आहे, त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहितेय. केस खरी का खोटी यावर मला काहीच बोलायचं नाहीये. माझे वडील, आम्ही नाना म्हणतो, वय ७१, एका पतसंस्थेवर संचालक होते. पतसंस्था बुडाली, ठेवीदारांनी तक्रार केली आणि बाकीच्या संचालकांबरोबर नानांनाही ऑक्टोबर २०२४ मध्ये अटक झाली. कलम ४०९ (विश्वासघात), ४२० (फसवणूक) आणि वर एमपीआयडी, म्हणजे ठेवीदारांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा कायदा. ठेवीदारांमध्येही सत्तरीची माणसं आहेत, त्यांच्याही औषधांचे पैसे त्यात अडकलेत, हे मला माहितीये आणि मी ते विसरत नाही. कोर्टाला जे ठरवायचं ते कोर्ट ठरवेल. मी लिहितेय ते एवढ्यापुरतंच की म्हातारं आजारी माणूस सरकारच्या ताब्यात गेलं की त्याच्या तब्येतीचं काय होतं, आणि बाहेर राहिलेल्या घरच्यांना त्यात काय करता येतं.

नानांना शुगर वीसेक वर्षांची, बीपी, प्रोस्टेट वाढलेलं, डाव्या कानाने जवळपास ऐकू येत नाही म्हणून मशीन, आणि गुडघे गेलेले. पण घरी असताना तुम्ही त्यांना बघितलं असतं तर आजारी म्हटलं नसतं. सकाळी फिरून यायचे, पेपर, पूजा, सगळं स्वतःचं स्वतः. मला नंतर कळलं की त्यांची तब्येत नुसत्या गोळ्यांवर उभी नव्हती, ती घराच्या सगळ्या मांडणीवर उभी होती. उंच पलंग, कमोड, बाथरूमपर्यंत रात्री चालू राहणारा दिवा, साडेआठला जेवण आणि आई गेल्यापासून माझ्या भावजयीने गोळ्यांसाठी घेतलेला कप्प्यांचा डबा. यातलं एकेक काढून घेतलं की तोच माणूस महिन्याभरात वेगळा दिसायला लागतो. आमच्या डोळ्यांसमोर तसं झालं.

पोलीस कोठडीत असताना, म्हणजे पीसीआरमध्ये, खरं सांगायचं तर त्रास झाला नाही. तिथे ४८ तासांनी मेडिकल करावंच लागतं, आणि तिथले अधिकारी समजूतदार होते, मी सकाळ-संध्याकाळ गोळ्या नेऊन द्यायचे आणि ते समोर खायला लावायचे. एमसीआर झाली, न्यायालयीन कोठडी, आणि नाना जेलला गेले, तिथून सगळं बदललं. पहिल्याच दिवशी गेटवर पिशवी परत केली. बाहेरचं औषध चालत नाही, ताई, कोर्टाची ऑर्डर आणा. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही, गोळ्यांच्या नावाखाली आत काय काय जातं हे त्यांनाच माहीत, आणि आतल्या डॉक्टरने न बघितलेली गोळी कोणी खाल्ली आणि काही झालं तर जबाबदारी त्यांच्यावर येते. आत गेल्यावर डॉक्टर तपासणी करतात, वजन-उंची, जुने आजार लिहून घेतात, आणि जेलच्या दवाखान्यात जे आहे ते देतात. शुगरची गोळी होती, बीपीची होती. प्रोस्टेटची, टॅम्सुलोसिन, नव्हती. नानांनी तपासणीत शुगर-बीपी सांगितलं, प्रोस्टेट सांगितलं की नाही त्यांना आठवत नाही, कानाचं मशीन गेटवर जमा झालं होतं त्यामुळे डॉक्टर काय विचारतायत तेच नीट ऐकू येत नव्हतं. आमच्या सगळ्या गोंधळाचं मूळ त्या एका गोळीत आणि त्या मशीनमध्ये आहे असं मला अजूनही वाटतं.

मग कोर्टात अर्ज टाकला. वकील साहेबांनी चांगला अर्ज केला होता, आरोपी ज्येष्ठ नागरिक आहेत, अनेक व्याधींनी ग्रस्त आहेत, तरी आवश्यक औषधोपचार मिळावेत. ऑर्डर झाली, आम्ही खूश. ऑर्डरमध्ये काय, तर जेल अधीक्षकांनी नियमानुसार योग्य ती कार्यवाही करावी. ती घेऊन गेटवर गेले तर तिथला माणूस म्हणाला, ताई, नियमानुसार म्हणजे आमच्या डॉक्टरच्या सल्ल्याने, तीच तर चालू आहे. आणि तो बरोबर होता. "नियमानुसार" अशी ऑर्डर मिळाली की तुमच्या हातात एक कागद येतो आणि आत काहीही हलत नाही.

दुसरा अर्ज मी स्वतः बसून वकिलांच्या ज्युनिअरबरोबर लिहिला. प्रत्येक गोळीचं नाव, किती एमजी, कधी, कशासाठी, कोणत्या डॉक्टरने कधीपासून दिलीय, ती बंद झाली तर काय होऊ शकतं हे आमच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या लेटरहेडवर, सही-शिक्का-रजिस्ट्रेशन नंबरसकट. आणि मागणी एकेक करून वेगळी. जेलमध्ये जी औषधं उपलब्ध नाहीत ती घरून देण्याची परवानगी मिळावी, जेलच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तपासून स्वीकारावीत, कानाचं मशीन आणि बॅटऱ्या द्याव्यात, गुडघ्यामुळे कमोडची किंवा कमोड खुर्चीची सोय करावी. यावर जी ऑर्डर झाली त्यात त्या प्रत्येक मागणीवर काहीतरी लिहावंच लागलं. पुढच्या वेळी गोळ्या घेतल्या, बिल आणि चिठ्ठी बघून, बंद स्ट्रिप. मशीनही मिळालं. खुर्ची नाही मिळाली.

पण यात दिवस गेले होते, आणि आत काय चाललं होतं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. जेलचा दिवस लवकर संपतो. संध्याकाळचं जेवण पाचच्या आसपास, मग गिनती, आणि अंधार पडायच्या आत बंदी, म्हणजे बराकीला कुलूप, ते एकदम सकाळीच उघडतं. तरण्याताठ्या माणसाला याचं काही नाही. पण शुगरची गोळी खाणाऱ्या म्हाताऱ्याला पाचला जेवून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पोटात काही नाही म्हणजे काय होतं बघा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर ती जेवलात की नाही ते बघत नाही, शुगर उतरवत राहते. नानांना पहाटे दरदरून घाम यायचा, हात थरथरायचे, आणि ते समजायचे की भीतीने होतंय. बराकीत एक पोरगा होता, पंचवीस-सव्वीसचा असेल, त्याच्या आईला शुगर होती म्हणून त्याला माहीत, त्याने सांगितलं, आजोबा, संध्याकाळची एक चपाती ठेवून द्यायची आणि झोपताना खायची, आणि कॅन्टीनमधून बिस्किटं घेऊन जवळ ठेवायची. कोणत्याही डॉक्टरच्या आधी त्या पोराने माझ्या वडिलांना सांभाळलं.

दुसरं म्हणजे पाणी. बराक क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त भरलेली, सगळे जमिनीवर पट्टी टाकून चिकटून झोपलेले. रात्री लघवीला उठायचं म्हणजे जमिनीवरून उठायचं, जे त्यांना एकट्याने जमत नाही, मग झोपलेल्यांच्या पायांमधून वाट काढत जायचं, कोणाला पाय लागला की शिव्या, आणि पुढे बसायचं ते उकिडवं. म्हणून नानांनी दुपारी तीननंतर पाणी पिणंच बंद केलं. लाज वाटते म्हणून. सत्तरीच्या माणसाला दुसऱ्याचा हात धरून उठायची लाज वाटते. प्रोस्टेट वाढलेलं, गोळी बंद, पाणी कमी, लघवी दाबून धरायची सवय. कुठल्याही डॉक्टरला विचारा, यापुढे काय होणार ते तो सांगेल.

गोळी सुरू झाली तोवर लघवीचा त्रास वाढलेला होता. जेलच्या डॉक्टरांनी बघितलं आणि सरकारी हॉस्पिटलच्या युरॉलॉजी ओपीडीला रेफर केलं. इथे मी डॉक्टरांना दोष देणार नाही, त्यांनी वेळेत लिहिलं. मॉडेल प्रिझन मॅन्युअल २०१६ मध्ये ३०० बंद्यांमागे एक डॉक्टर असावा असं म्हटलंय, प्रत्यक्षात त्या एका माणसासमोर सकाळी केवढी रांग असते हे नाना सांगतात तेव्हा मला त्या डॉक्टरचीच कणव येते. पण रेफर लिहिलं म्हणजे पेशंट हॉस्पिटलला गेला असं होत नाही. जेलचे लोक स्वतः बंद्याला बाहेर नेत नाहीत. त्यासाठी पोलीस मुख्यालयातून गार्ड लागतो. जेल पत्र पाठवतं, मुख्यालय माणसं देतं, गार्ड आला की गाडी. आणि २०२४ चा नोव्हेंबर म्हणजे विधानसभेची निवडणूक, २० तारखेला मतदान, त्याआधी सभा, नंतर मतमोजणी, सगळं पोलीस दल बंदोबस्तात. युरॉलॉजीची ओपीडी आठवड्यातून ठरावीक वारी. त्या वारी गार्ड मिळाला नाही की आठवडा गेला. मी मुलाखतीला, म्हणजे जेलमध्ये भेटायला, जायचे, नाना काचेपलीकडून इंटरकॉमवर सांगायचे, अगं, गार्ड नाही आला. पुढच्या वेळीही तेच. गेटवरच्या साहेबांना विचारलं की इमर्जन्सी असली तर? ते म्हणाले, इमर्जन्सी असली की मिळतो गार्ड, तेव्हा काढावाच लागतो.

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, कारण यातच सगळं आलं. म्हाताऱ्या माणसाचा आजार साधा असतो, ओपीडीत पंधरा मिनिटांत निपटणारा असतो, तेव्हा त्याच्यासाठी कुलूप उघडत नाही. तो मरायला टेकला की सगळं उघडतं, ॲम्ब्युलन्स, गार्ड, कॅज्युअल्टी, सगळं. म्हणजे ही व्यवस्थाच आजाराला इमर्जन्सीपर्यंत वाढवत नेते, आणि मग त्यावर दुप्पट माणसं आणि दुप्पट पैसा घालवते. २०१५ चे संयुक्त राष्ट्रांचे मंडेला नियम आहेत, त्यात स्पष्ट लिहिलंय की उपचाराचा निर्णय डॉक्टरचाच, बिगर-डॉक्टर कर्मचाऱ्यांनी तो डावलायचा नाही. आमच्या बाबतीत कोणी मुद्दाम डावलला नाही, नुसती माणसं नव्हती, पण पेशंटला फरक काय पडतो?

व्हायचं तेच झालं. एका रात्री नानांची लघवी पूर्ण बंद झाली. संध्याकाळी बंदी झाल्यावर थेंब नाही, पोट फुगत गेलं, दहा-अकरापर्यंत ते ओरडायला लागले. पोरांनी ताटल्या वाजवल्या, गजांवर आपटल्या, रात्रपाळीचा शिपाई आला, पण बराकीची चावी त्याच्याकडे नसते, रात्रीच्या अधिकाऱ्याला उठवायचं, त्याने येऊन उघडायचं. कंपाउंडर आला, त्याने दुखायचं इंजेक्शन दिलं. लघवी तुंबलेल्या माणसाला दुखायचं इंजेक्शन देऊन काय होणार, नळी घालून ती काढावी लागते, आणि ते त्याच्याकडून होत नव्हतं. मग हॉस्पिटलला न्यायचं ठरलं, मग गार्ड. कॅज्युअल्टीत पोचले तेव्हा उजाडायला आलं होतं. तिथे कॅथेटर घातला, लिटरभराहून जास्त लघवी निघाली. आणि त्यांचा एक हात बेडीने खाटेला अडकवलेला. ७१ वर्षांचा, गुडघ्यांनी अधू, पोटात नळी असलेला माणूस कुठे पळून जाणार होता?

आम्हाला कळवलं कोणी? जेलने नाही. त्या पोराच्या भावाचा फोन आला, त्याची आणि माझी ओळख मुलाखतीच्या रांगेत झालेली. मी पोचले तोवर नानांना परत जेलला नेलं होतं, कॅथेटर आणि पिशवीसकट. बेडीचं मी वकिलांना सांगितलं तर ते चिडले, म्हणाले सुप्रीम कोर्टाने १९९५ सालीच सांगून ठेवलंय, हॉस्पिटलात खाटांना बेड्यांनी बांधलेल्या बंद्यांच्याच प्रकरणात, की मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय हे करायचं नाही. आम्ही पुढच्या अर्जात ते घातलं आणि तशी ऑर्डर घेतली. तुमचं माणूस वयस्कर असेल तर हे आधीच मागून घ्या, हॉस्पिटलची वेळ यायची वाट बघू नका.

कॅथेटर घेऊन बराकीत राहायचं म्हणजे काय हे मला कल्पनेनेही सहन होत नव्हतं. पिशवी कुठे लटकवायची, रिकामी कोण करणार, हात कुठे धुणार. त्यानंतरच्या मुलाखतीला नाना आले ते दोघांनी धरून आणले. इंटरकॉम कानाला लावला आणि मला म्हणाले, वहिनी, दादा आला नाही का? दादा म्हणजे माझे काका, ते जाऊन बरीच वर्षं झाली. मी दोनदा म्हटलं, नाना, मी आहे, तुमची मुलगी, तर नुसते बघत राहिले. आणलेला हवालदार चांगला माणूस होता, तो मला समजावायला लागला, ताई, वय झालं की असं होतंच, आत आल्यावर खूप जणांचं होतं.

मी बाहेर येऊन रस्त्यावरूनच आमच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांचा पहिला प्रश्न, हे हळूहळू झालं की अचानक? मी म्हटलं, गेल्या मुलाखतीत एकदम नीट होते, कोर्टाची तारीख त्यांनीच मला सांगितली होती. डॉक्टर म्हणाले, मग हा म्हातारचळ नाही. म्हाताऱ्या माणसाला नळी आहे आणि तो अचानक भ्रमल्यासारखा करायला लागला तर आधी लघवीचं इन्फेक्शन धरायचं, मग शुगर, मग किडनी, सोडियम. ताप नसला तरी इन्फेक्शन असू शकतं. आज ॲडमिट करायला पाहिजे. हे सगळ्यांनी लक्षात ठेवा खरंच, कारण जेलमध्ये हे सगळ्यात जास्त हुकतं. तरुण माणूस आजारी पडला की त्याला ताप येतो, तो कण्हतो, दिसतं. म्हातारा आजारी पडला की तो गप्प होतो, किंवा भलतंच बोलतो, किंवा पडतो, आणि बघणाऱ्याला वाटतं वय झालंय नाहीतर नाटक करतोय.

तिथेच झेरॉक्सच्या दुकानाबाहेर बसून मी हाताने अर्ज लिहिला. "वडिलांची तब्येत बरी नाही" असं कुठेही लिहिलं नाही. लिहिलं की अमुक तारखेला कॅथेटर घातलाय, अमुक तारखेपर्यंत शुद्धीवर आणि नीट बोलत होते, आज माणूस ओळखत नाहीत, डायबेटिस आहे, हा तीव्र संसर्ग असण्याची शक्यता डॉक्टरांनी सांगितली आहे, तरी तातडीने हॉस्पिटलमध्ये दाखल करून लघवीचं कल्चर, सीबीसी, क्रिएटिनिन, सोडियम आणि शुगर तपासावी. अधीक्षकांच्या नावाने, प्रत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला, प्रत कोर्टाला. जेलच्या आवक विभागात देऊन माझ्या प्रतीवर शिक्का आणि वेळ घेतली. देणारा कुरकुरला, मी हलले नाही. मग विधी सेवा प्राधिकरणात गेले, तिथल्या मॅडमनी जेलमधल्या लीगल एड क्लिनिकच्या पॅरालीगल व्हॉलंटिअरला, म्हणजे कायदेशीर मदत करणाऱ्या स्वयंसेवकाला, फोन केला आणि तो आत जाऊन नानांना प्रत्यक्ष बघून आला. ताब्यात असलेल्या कोणालाही १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली मोफत मदत मिळते, त्यासाठी गरीब असावं लागत नाही, तुमचा खाजगी वकील असला तरी त्या ऑफिसात जाऊन बोलायला कोणी अडवत नाही. संध्याकाळी नाना ॲडमिट झाले. रक्तात इन्फेक्शन पसरायला लागलं होतं, क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनीवर ताण आलेला. शिरेतून अँटिबायोटिक्स दिली आणि हळूहळू डोकं ताळ्यावर आलं. मला नावाने हाक मारली तेव्हा वॉर्डाच्या दारात उभा असलेला गार्डचा हवालदारसुद्धा हसला.

जामिनाचं आता. आमच्या ओळखीत सगळे सांगत होते की नवीन कायदा आलाय, आधी कधी शिक्षा झालेली नसेल तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की सुटतो. ते आहे, नव्या संहितेचं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, कलम ४७९, पण ज्या गुन्ह्याला जन्मठेप असू शकते त्याला ते लागत नाही, आणि ४०९ ला जन्मठेप आहे. म्हणजे आमच्यासाठी तो रस्ता बंद. उरतं ते कलम ४८०, आधीचं ४३७, ज्यात आजारी किंवा दुर्बल माणसाला जामीन देता येईल असं म्हटलंय. देता येईल, द्यावाच असं नाही. अर्ज टाकला की सरकारी वकिलांचा से, म्हणजे लेखी म्हणणं, तपास अधिकाऱ्याचा से, आणि जेलकडून मेडिकल रिपोर्ट मागवतात. से यायला तारीख, रिपोर्ट यायला तारीख. आणि पहिला रिपोर्ट आला त्यात शेवटची ओळ, बंद्याची प्रकृती सध्या स्थिर आहे. तो खोटा नव्हता. लिहिलं त्या दिवशी ते स्थिर होतेच, ॲडमिट करून बरे केले होते म्हणून. पण कोर्टाला त्या ओळीवरून काय कळणार? कोर्टाला हे कळायला हवं होतं की परत त्याच बराकीत पाठवलं तर पुन्हा काय होईल. म्हणून वकिलांनी मेडिकल बोर्डाची, म्हणजे डॉक्टरांच्या समितीकडून तपासणीची, मागणी केली आणि तीन प्रश्न लिहून दिले, ऑपरेशन लागणार का, ऑपरेशन झाल्यावर कशी काळजी लागेल, आणि ती जेलच्या दवाखान्यात मिळू शकते का. बोर्डाच्या डॉक्टरांनी तिन्हींची उत्तरं लिहिली, तिसऱ्याचं उत्तर नाही असं होतं, आणि निकाल त्यावर लागला. ऑपरेशनसाठी तात्पुरता जामीन.

त्या दिवसांत मी एल्गार परिषद केसमध्ये अटक झालेल्या फादर स्टॅन स्वामींबद्दल जे मिळेल ते वाचत होते. ८३ वर्षांचे, पार्किन्सन्स, हात इतके थरथरायचे की पेला धरता येत नव्हता, आणि तळोजा जेलमधून त्यांना नोव्हेंबर २०२० मध्ये सिपर आणि स्ट्रॉसाठी कोर्टात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ ला गेले, जामिनाचा अर्ज तसाच प्रलंबित. त्याच केसमधले कवी वरवरा राव पण तळोजातच होते, ८० वर्षांचे, त्यांना फेब्रुवारी २०२१ मध्ये मुंबई हायकोर्टाने तब्येतीवर सहा महिन्यांचा जामीन दिला, पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायम केला. त्यांची केस पूर्ण वेगळी, राजकारण वेगळं, आमचा त्याच्याशी काही संबंध नाही. पण ती स्ट्रॉची गोष्ट तेव्हा पेपरात वाचली होती तेव्हा मला वाटलं होतं की हा एखाद्या बड्या केसमधला प्रकार असेल. ते तसं नाहीये. कोणत्याही म्हाताऱ्याला कोणत्याही जेलमध्ये चष्मा, कवळी, कानाचं मशीन, काठी, कमोड यातली प्रत्येक गोष्ट कागदावर मागावी लागते, आणि मागायला बाहेर कोणीतरी असावं लागतं.

जामीन झाल्यावरही घाई करा. सॉल्व्हन्सी, म्हणजे जामीनदाराच्या ऐपतीचा दाखला, जामीनदाराची कागदपत्रं, हे आधीच तयार ठेवा, आमचं एका सहीसाठी अडलं. आणि सुटकेचा आदेश जेलच्या जामीन पेटीत ठरलेल्या वेळेच्या आत पडला नाही तर माणूस अजून एक रात्र आत राहतो.

बाहेर आल्यावर नानांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं, दुर्बिणीतून, नळी निघाली. किडनी बरीच सुधारली पण पहिल्यासारखी नाही असं डॉक्टर म्हणतात. डोकं ठीक आहे. नियमित जामिनाचा अर्ज चालू आहे, तात्पुरत्याला मुदतवाढ मिळालीय, पोलीस स्टेशनला हजेरी असते, पतसंस्थेची केस आपल्या गतीने चालू आहे.

मी मात्र त्यातून पूर्ण बाहेर आलेले नाही. सरकार दरवर्षी तुरुंगांची आकडेवारी काढते, एनसीआरबीची, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची. त्यात बंद्यांचे वयोगट असतात, १८ ते ३०, ३० ते ५०, आणि शेवटचा गट ५० च्या पुढचे. बस. ५१ वर्षांचा आणि ८४ वर्षांचा एकाच रकान्यात. ७० च्या पुढचे किती, त्यातले शिक्षा न झालेले किती, किती जणांना रात्री हॉस्पिटलला न्यावं लागलं, हे त्या रकान्यातून कळतच नाही. मृत्यू मात्र मोजलेले असतात, आणि त्यातले बहुतेक "नैसर्गिक" खाली जातात, हृदयविकार सगळ्यात वर. अमेरिकेत जेलमधल्या लोकांवर काम करणारे डॉक्टर ५०-५५ पासूनच माणूस म्हातारा धरतात, कारण आत येणाऱ्यांची शरीरं आधीच झिजलेली असतात. आपल्याकडेही मुलाखतीच्या रांगेत उभं राहिलं की तेच दिसतं, पन्नाशीचा माणूस पासष्टीचा दिसतो. नालसाने, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने, डिसेंबर २०२४ मध्ये म्हाताऱ्या आणि दुर्धर आजारी बंद्यांसाठी खास मोहीम काढली, त्यामुळे विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात या विषयावर निदान ऐकून घेतात, हे मी स्वतः बघितलंय.

नानांच्या बराकीत अजून एक आजोबा आहेत, ६६ वर्षांचे, चोरीच्या केसमध्ये, दम्याचे पेशंट. त्यांना भेटायला कोणीच येत नाही. रात्री त्यांना दम लागला की पोरं तशाच ताटल्या वाजवतात. नाना घरी आल्यापासून रोज त्यांच्याबद्दल विचारतात. मी त्यांच्यासाठी प्राधिकरणात गेले, पॅरालीगलने त्यांचा केसपेपर मिळवला, दोन प्रकारचे इनहेलर लिहून दिलेत आणि एकच मिळतोय असं निघालं, तर तो दुसरा नावानिशी मागून आम्ही अर्ज केलाय आणि बोर्डासाठी तेच तीन प्रश्न टाकलेत, फक्त ऑपरेशनच्या जागी नेब्युलायझर. जेलच्या रिपोर्टसाठी कोर्टाने पुढची तारीख दिलीय.